अर्धं माप

मी एक नळी. पाण्याची नाही, गॅसची नाही, दवाखान्यातलीही नाही. लांब मानेच्या नरसाळ्याची नळी आहे मी. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, स्टीलची. माझं वरचं टोक नरसाळ्याला जोडलेलं असतं आणि खालचं टोक बदकाच्या गळ्यात जातं.

तुम्ही जेवायला बसला असाल तर हे नंतर वाचा. मला कुणाच्या घासात खडा टाकायचा नाही. पण नंतर वाचा मात्र नक्की. मी इतकी वर्षं गप्प होते, ते काही सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. नळीला बोलू कोण देतं?

माझा जन्म पत्रे ठोकणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. माझ्याबरोबर घडलेली नरसाळी आखूड मानेची होती. एक तेलाच्या घाण्यावर गेलं, एक पेट्रोलच्या डब्याशी बांधलं गेलं, एकाला तर अत्तरवाल्यानं उचललं. माझीच मान तेवढी लांब. कारागिरानं माझं टोक बारीक पॉलिश पेपरनं घासलं, त्यावर बोट फिरवलं, पुन्हा घासलं. माझा जीव तेव्हा फुशारून गेला होता. एवढी निगा आहे म्हणजे काहीतरी नाजूक काम आपल्या नशिबात असणार, असं वाटलं.

"एवढं गुळगुळीत कशाला हवंय?" कारागिरानं गिऱ्हाइकाला विचारलं.

"आत जखम झाली तर माल वाया जातो," गिऱ्हाईक म्हणालं.

ते गिऱ्हाईक म्हणजे काका. माझे मालक. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं.

घराच्या मागे लांबलचक, बुटकी शेड होती. सिमेंटची जमीन, जाळीचे कप्पे, छताला पिवळे दिवे, आणि सगळीकडे शिजवलेल्या मक्याचा गोडसर वास. जाळीच्या प्रत्येक कप्प्यात बदकं. बाहेर गवताचा तुकडा होता. लहान बदकं तिथं हुंदडायची. मोठी झाली की आत आणायची आणि मग ती बाहेर जायची ती गाडीतूनच.

काकांचा धंदा कलेजीचा. बदकाची कलेजी, पण साधी नव्हे. धडधाकट बदकाची कलेजी तळहाताच्या खळग्यात मावते. आमच्याकडची मोठ्या हॉटेलांत जाते, ती दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नाही. फिकट, पिवळसर, लोण्यासारखी. लोक तिचा पातळ काप जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटून घेतात म्हणे. मी बघितलेलं नाही, हॉटेलातून येणारा शेफ सांगतो. मी एवढंच बघितलंय की तो आजार असतो. चरबीनं कलेजी सुजते, बदकाला धाप लागते, पाय फाकतात, चार पावलं टाकली की ते बसतं. कुठलंही बदक आपण होऊन इतकं खात नाही. म्हणून मी लागते.

भरवायचं काम मावशीचं. काकांची बायको. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. ती बुटक्या स्टुलावर बसायची, बदक गुडघ्यांत धरायची, डाव्या हातानं त्याची मान वर ताणायची आणि उजव्या हातानं मला आत सोडायची. मग मक्याचं माप नरसाळ्यात ओतायचं आणि दांडा फिरवायचा. माझ्या पोटात एक पीळदार सळई आहे, ती दाणे खाली ढकलते. डाव्या हाताच्या बोटांनी बदकाचा गळा वरून खाली चोळायचा. झालं. पुढचं घ्या.

काका दारात उभे राहून विनोद करायचे. "आमच्या घरी मला कुणी एवढ्या आग्रहानं वाढत नाही बघा!"

"तुम्हाला नळी लावली तरी तुम्ही भाजीला मीठ कमीच आहे म्हणाल," मावशी मान वर न करता म्हणायची.

मावशी वाईट बाई नव्हती. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण मी वाईट बाई शोधत होते आणि ती मला सापडली नाही.

आमच्या शेडचा एकच कडक नियम होता. हात बदलायचा नाही. ज्या हातानं भरवायला सुरुवात केली, त्याच हातानं शेवटपर्यंत भरवायचं. बदकं हात ओळखतात. नवा हात आला की बिथरतात, मान झटकतात, आणि मान झटकली की माझं टोक आत लागतं. मग कारागिरानं कितीही घासलेलं असो.

तुम्ही त्यांना चोचीवरून, पिसांवरून ओळखत असाल. मी गळ्यांवरून ओळखते. काही गळे कोरडे, काही मऊ. काही मला बघताच आवळून घेतात, काही दमून सैल सोडतात. दिवा मालवलेल्या खोलीसारखं असतं आत. गरम. आणि कुठूनतरी खालून धडधड ऐकू येत असते.

मावशीची भाची त्याच घरात वाढली. मावशीची धाकटी बहीण गेली, तेव्हा ही मावशीच्या पदराला लटकत आली ती इथलीच झाली. तिला सगळे दचकू म्हणायचे. कुकरची शिट्टी झाली की हातातला चमचा खाली. दाराची बेल वाजली की "आई गं!" मांजर पायात आलं तर मांजरापेक्षा हीच जास्त उंच उडायची. मावशीनं तिला शेडच्या दारापर्यंतही कधी येऊ दिलं नाही. "तू तुझा अभ्यास कर," एवढंच. कॉलेज झालं, पदवी मिळाली. कुठल्या पैशांवर, ते तिला माहीत होतं. कसं, ते तिनं कधी बघितलं नव्हतं. बघू नये अशी घरात सगळ्यांनी नीट सोय करून ठेवली होती.

मग एक दिवस मावशी ओल्या सिमेंटवर घसरली. उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला, आणि शेडमधल्या बदकांचं भरवणं निम्म्यावरच राहिलेलं.

काकांनी एक वेळ स्वतः भरवून बघितलं. त्यांचे हात म्हणजे फावडी. बदकं एकमेकांच्या अंगावर चढून कोपऱ्यात गेली. त्यांनी एकाला ओढून मांडीत दाबलं, मला घुसवलं, त्यानं मान झटकली. पुढचं मी सांगत नाही. ते बदक त्या दिवशी गाडीतून नाही, बादलीतून बाहेर गेलं.

"सगळा माल असा घालवू का?" काका मावशीवर ओरडले. प्लास्टर काय तिनं हौसेनं घातलं होतं!

त्या संध्याकाळी दचकू शेडमध्ये आली. मावशीचा जुना एप्रन तिला घातला होता, वास तरी ओळखीचा यावा म्हणून. मावशी शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसली.

"बस. गुडघ्यांत धर. असं नाही गं, पंख आत घे, मोडेल त्याचा."

"मावशी, ते माझ्याकडे बघतंय."

"बघू दे. तू नळीकडे बघ."

"त्याला दुखतं का?"

मावशीनं डाव्या हातानं त्याचा पंख आत सारला. मग म्हणाली, "पटकन केलंस तर कमी."

दचकूच्या हातात मी नरसाळ्यासकट वाजत होते. तिनं मला आत सोडलं आणि स्वतःचेच डोळे मिटून घेतले. "डोळे उघड, बाई!" मावशी ओरडली. "गळ्यात जायचंय, छातीत नाही!"

एक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला तिनं "सॉरी" म्हटलं. नंतर प्रत्येकालाच म्हणत गेली. सॉरी हं, सॉरी, झालंच, सॉरी. काका दारात उभे राहून हसत होते. "पोरगी बदकांची माफी मागतेय! उद्या पाया पडेल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःच्या पद्धती सुरू केल्या. मला आधी कोमट पाण्यात बुडवायची. गार स्टील गळ्यात कसं लागत असेल, हे इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. टोकाला तेलाचं बोट लावायची. बदकाला ओढून आणायची नाही, आपणच कप्प्यात जाऊन खाली बसायची, पाठीवरून हात फिरवायची, मग मांडीवर घ्यायची. भरवताना कसलंतरी गुणगुणायची. सूर सगळे चुकलेले. पण बदकांना संगीत कुठं कळतं?

त्यांना हात मात्र कळला. आठवड्याच्या आत ती तिच्याकडे चालत यायला लागली. मी हे लिहिताना लाजते आहे, पण सांगते. मला बघून जी कोपऱ्यात सरकायची, ती तिला बघून पुढं यायची. एका गळ्यात मी उतरले की आतून बारीक आवाज यायचा, तक्रार नाही, रडणं नाही, नुसती कुणकुण. तिच्या चुकलेल्या सुरात ते बदक आपला सूर मिसळायचं. ते तिच्या बोटांना जाणवायचं. "हा बघ, गातोय," ती मावशीला म्हणायची, आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पडायचा, कारण गाणाऱ्याच्या घशात काय आहे ते तिच्याच हातात होतं.

काका खूश. एकही बदक दगावलं नाही. "हिच्या हाताला गुण आहे," ते भेटेल त्याला सांगायचे. "पूर्वी दहात एखादं तरी फुकट जायचं. आता बोला!"

तिनं मक्याचं माप अर्धं करायला सुरुवात केली, ती मला आधी चूकच वाटली. हात चुकला असेल, असं वाटलं. मग कळलं. ती भरलेलं माप उचलायची, काकांना दिसेल असं नरसाळ्यावर धरायची, आणि अर्धं ओतून उरलेलं एप्रनखाली लपवलेल्या डब्यात टाकायची. नंतर भांडी धुवायच्या निमित्तानं मागच्या भिंतीपलीकडे फेकून यायची.

"हल्ली कावळे फार झालेत," काका म्हणाले एकदा.

दचकूच्या हातातून मी खाली पडले. खण्ण.

"काय झालं?"

"काही नाही. दचकले."

"त्यात नवीन काय?" म्हणून ते गेले.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात हलके दिवस होते. दाणे माझ्यातून घाई न करता उतरायचे. गळे आवळायचे नाहीत. धाप कमी झाली, एकदोन बदकं पुन्हा पाय उचलून चालायला लागली, एकानं तर पंख पसरून फडफडाट केला आणि दचकू घाबरून मागे पडली आणि खाली बसल्या बसल्या हसत सुटली. मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

ती त्यांना हळूच सांगायची, "कलेजी वाढलीच नाही तर काका काय करतील? म्हणतील, ही बॅच फुकट गेली. मग साध्या बदकांच्या भावात देऊन टाकतील तुम्हाला. तळं असलेल्या कुणालातरी. मी शोधीन ना असं कुणीतरी. मी फोन करीन."

आणि मला सगळं माहीत होतं.

मी त्या शेडमध्ये तिच्याहून जुनी. कलेजी कच्ची राहिलेलं बदक इथून सुटत नाही, हे मी बघितलेलं होतं. त्याला आणखी भरवतात. तयार झालेलं गाडीत जातं, न झालेलं पुन्हा मावशीच्या गुडघ्यांत येतं, आणि मागची कसर भरून काढायची म्हणून मापाला डोंगर येतो. अर्धं माप म्हणजे सुटका नव्हती. पण इतकी वर्षं शेडमध्ये न आलेल्या पोरीला हे कुठून माहीत असणार? तिनं पुस्तकात वाचलं असेल की नुकसान झालं की माणूस धंदा सोडतो. काका नुकसान झालं की जास्त भरतात.

तिला सांगायचं कसं? एकदा मक्याचा एक फुगलेला दाणा माझ्यात अडकला. मला वाटलं, हाच माझा शब्द. मी तो घट्ट धरून ठेवला. सळई फिरेना. दचकूनं मला उलटं केलं, आत बघितलं, काडी घालून दाणा काढला, आणि मायेनं पुसून म्हणाली, "झालं गं, झालं."

एवढंच जमलं मला.

मग चाचपणीचा दिवस आला. काका एकेक बदक उचलून बरगड्यांखाली बोटं दाबतात आणि कलेजीचा अंदाज घेतात. त्या दिवशी मोठ्या हॉटेलचा शेफही आला होता. पांढरा शर्ट, स्वच्छ नखं, बुटांवर चिखल नको म्हणून पायांना प्लास्टिकच्या पिशव्या. दचकू भिंतीला टेकून उभी होती. मला तिनं छातीशी धरलं होतं. इतकं घट्ट की तिची धडधड मला ऐकू येत होती. नेहमी मी ती दुसऱ्यांची ऐकते.

काकांनी पहिलं उचललं. दाबलं. कपाळाला आठी. "कच्चं."

दुसरं. "कच्चं."

तिसऱ्यानंतर ते नुसती मान हलवत पुढं जात राहिले. दचकूचा चेहरा उजळत चालला होता. मला तिच्याकडे बघवेना.

"अजिबात धरली नाही कलेजी," काका शेफला म्हणाले. "काय झालंय कळत नाही. आम्ही मक्यात कुठं कमी केलेलं नाही."

"मग?" शेफ म्हणाला.

दचकू पुढं सरसावली. "काका, मग ही देऊन टाकू या का? साध्या भावात? मी एकांना विचारलंय, त्यांच्याकडे तळं—"

"देऊन काय टाकायची?" काकांना कळलंच नाही ती काय म्हणतेय. "आणखी भरवायची. आठवडाभर. दोनाऐवजी तीन वेळा, आणि माप शिगोशीग."

"मी थांबतो आठवडा," शेफ म्हणाला. "तुमच्याकडचीच हवीत मला. मशीनवाल्यांकडून मी घेत नाही. हल्ली लोक विचारतात ना, बदकांना त्रास होतो का म्हणून. मी सांगतो, आमच्याकडे एक मुलगी मांडीवर घेऊन भरवते."

"त्रास होतो," दचकू म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. काकांनी मान वळवली.

"सर, त्यांना त्रास होतो. खूप. मी रोज बघते. धाप लागते, उभं राहता येत नाही. तुम्ही सांगा ना लोकांना, की होतो." तिचे डोळे भरून आले होते. "मी भरवते, म्हणून मला माहीत आहे."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या शेडमध्ये असं कुणी बोललं नव्हतं.

शेफ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळवा झाला. खरोखर हळवा. "बघा," तो काकांना म्हणाला, "किती जीव लावते! हेच तर हवं असतं. हे मशीनला येणार आहे का?"

काका मान डोलावून हसले. तिचं बोलणं तिथंच संपलं. तिनं नाही म्हटलं होतं, आणि त्यांनी ते कौतुकात जमा केलं.

शेफ गेल्यावर मावशी आत आली. प्लास्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हातानं दार लोटून घेतलं.

"अर्धं घालत होतीस ना?"

दचकूनं एप्रनच्या खिशावर हात ठेवला.

"एप्रनच्या खिशात मका निघतोय रोज. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, दोन दिवसांनी भरशील पूर्ण. तुझं तुला कळेल." मावशी स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "आज सुटली असती गं ती. कशीही का होईना, पण आज संपलं असतं त्यांचं. आता आठवडा आणखी. आणि तिप्पट."

"मला वाटलं, काका सोडून देतील."

"सोडून?" मावशीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं लहान पोराला ताप आल्यावर बघतात. "बाळ, इथून कोण सुटलंय? तू की मी?"

मग तिनं डाव्या हातानं दचकूचे डोळे पुसले आणि म्हणाली, "आता नीट भर. रडत बसू नकोस. जेवढं लवकर होईल तेवढं बरं त्यांना."

त्या आठवड्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे.

काका स्वतः शेजारी बसायचे आणि माप स्वतः भरून द्यायचे, वर ढीग करून. दचकूनं गुणगुणणं सोडलं. मला कोमट पाण्यात बुडवणं मात्र सोडलं नाही, तेल लावणं सोडलं नाही. तेवढंच तिच्या हातात उरलं होतं. बदकं अजूनही तिच्याकडे चालत यायची. पाय ओढत, बसत, पुन्हा उठत. हात तोच होता ना! हात बदलायचा नाही, हा नियम त्यांनीही पाळला.

कुणकुणणारा गळा तिला लगेच ओळखू यायचा. त्याची कुणकुण आता तुटक झाली होती, दाण्यांमधून कशीबशी वर येणारी. एका दुपारी मी आत असताना ती आली, मध्येच अडखळली आणि थांबली. मी वाट बघितली. खालची धडधडही थांबली होती. दचकूचा हात दांड्यावर तसाच राहिला. तिनं मला बाहेर काढलं नाही, आत ढकललंही नाही.

"गेलं वाटतं," काका म्हणाले. "बाजूला ठेव. पुढचं घे."

तिनं ते बाजूला ठेवलं. पुढचं घेतलं.

गाडी आली आणि बाकीची गेली.

दुसऱ्या दिवशी दचकूनं बॅग भरली. शहरातल्या एका ऑफिसातून तिला बोलावणं आलं होतं. स्वयंपाकघरात सगळे बसले होते आणि मी धुऊन ओट्यावर उपडी ठेवलेली होते.

"मी जाते, काका. माझ्याच्यानं होणार नाही."

"जा की," काका म्हणाले. रागावले वगैरे नाहीत. "शिकलीस ते जाण्यासाठीच. मावशीचं मनगट आता वळायचं नाही, डॉक्टर बोलले. मी मशीन सांगून ठेवतो. शेफ नाही घेणार, दुसरा घेईल. हवेच्या दाबावरचं असतं. दोन सेकंदांत एक. मान धरायची, फस्स, पुढचं."

"फस्स?"

"हो. आवाज येतो तसा."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर गवतावर नवी पिल्लं सोडलेली होती, पिवळी, कापसाच्या बोळ्यांसारखी. आमच्याकडे नर पिल्लंच येतात. माद्यांचं काय होतं, ते मी विचारलेलं नाही. मला भीती वाटते.

दचकू बराच वेळ उभी राहिली. बॅगेचा पट्टा खांद्यावर, एक पाय उंबऱ्याकडे. ती गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती राहिली, म्हणूनही देत नाही. तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "मशीन नको सांगू."

काकांना आनंद झाला. मावशीला झाला नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढं काय झालं, ते ऐकून तुम्हाला बरं वाटेल कदाचित. शेफनं त्याच्या हॉटेलचं मेनूकार्ड नवीन छापलं आणि एक घरी आणून दिलं. जाड, खरखरीत, महागडा कागद. त्यावर लिहिलंय: 'मांडीवर घेऊन, मायेनं भरवलेल्या बदकांची कलेजी.' लोकांना ते फार आवडतं. पूर्वी जे नको म्हणायचे, तेही आता मागवतात. मागणी वाढली आहे. काका शेडला आणखी एक खण जोडताहेत.

त्या मेनूकार्डात एक अक्षरही खोटं नाही. मांडी खरी आहे. माया खरी आहे, तिच्याइतकी माया मी पाहिलेली नाही. मी तिचीच नळी आहे, मी सांगते. आणि त्या मायेनं काय होतं, तेही मीच सांगते: बदक मान झटकत नाही.

मी खूप विचार केला की हे थांबवेल कोण? काका नाही, त्यांना यात थांबवण्यासारखं काही दिसतच नाही. मावशीचा हात गेला. दचकू निघून जाऊ शकते, पण मग मशीन येईल. बदकं तिच्याकडे चालत येतात. राहिले मी. मला तर साधा दाणासुद्धा अडवून धरता आला नाही.

मग तुम्ही उरता. कधीतरी कुणी तुम्हाला चांगल्या ठिकाणी जेवायला नेईल. पांढरा टेबलक्लॉथ असेल, मंद दिवे असतील, आणि ते मेनूकार्ड तुमच्या हातात येईल. सोबतची माणसं म्हणतील, अरे, एकदा चाखून तर बघ, इथं म्हणे हातानं भरवतात, मशीन नाही. तुम्ही भांडू नका. भाषण देऊ नका, मला माणसांचे चढलेले आवाज सहन होत नाहीत. नुसतं "नको" म्हणा. आमच्या शेडमध्ये एका मुलीनं दुसऱ्या शब्दांत हेच रडत रडत सांगितलं, आणि कुणी ते ऐकलं नाही. तुमच्या तोंडून वेटर हा एक शब्द लगेच ऐकेल.

आज सकाळी दचकूनं मला घासूनपुसून खिडकीत उन्हात ठेवलंय. इथून गवत दिसतं. पिल्लं आता मोठी झाली आहेत, पिवळी लव जाऊन पांढरी पिसं आली आहेत. त्यांनी मला अजून बघितलेलं नाही. दचकू बादली घेऊन बाहेर पडली की सगळी तिच्यामागे रांगेनं चालतात, ती वळली की वळतात, ती थांबली की थांबतात. आत्ता ती गवतात बसली आहे. एकानं तिच्या मांडीवर चढून मान तिच्या कोपरात खुपसली आहे. ती त्याचा गळा चोळते आहे, वरून खाली, सवयीनं, आणि त्याला ते आवडतंय.